डाव्या पायाचा पत्रा

शर्यतीच्या त्या मोटारसायकलींना ब्रेक नसायचे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी कित्येक शुक्रवार पिकअपच्या काचेतून त्या पाहिल्या होत्या, आणि चालवणारी माणसं जिद्दीनेच ब्रेक लावत नाहीत अशी माझी समजूत होती. भाईने एकदा समजावून सांगितलं. ब्रेकच नाहीत, गिअर एकच, आणि वळायचं फक्त डावीकडे. मग थांबतात कशा, मी विचारलं. "इंजिन बंद करायचं आणि वाट बघायची," तो म्हणाला. मला ते गमतीचं वाटलं होतं.

हे सगळं मला नीट लिहिता येईल की नाही, याची खात्री नाही. मी शिकले इंग्रजी शाळेत. मराठी अक्षरं अम्मीने शिकवली, ओट्यावर पसरलेल्या भाकरीच्या पिठात बोटाने काढून. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला वाचायला देऊन 'हे असंच झालं होतं ना' असं विचारायची सोय नाही. काही गोष्टी माझ्या आठवणीत मागेपुढे झाल्या असतील. पत्र्याची गोष्ट मात्र मला स्वच्छ आठवते.

आम्ही रियाधला राहायचो. अब्बा अल सुलैमध्ये वेल्डर होते, आजही आहेत. गोदामं, भंगाराची आवारं, ट्रकच्या बॉडी बांधणारे, आणि त्यांच्यामध्ये आमच्या कफीलचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचा, कारखाना; तिथे पाण्याच्या मोठ्या टाक्या बनत. कारखाना बघायचा तो कफीलचा धाकटा मुलगा. सगळे त्याला मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणत. तो शिकायला परदेशात गेला होता आणि येताना या शर्यतींचं वेड घेऊन आला होता. कारखान्यामागच्या मोकळ्या जमिनीवर त्याने लंबगोल रिंगण आखून घेतलं, वाळूत बारीक खडी आणि विटांचा चुरा मिसळून अंथरला, कडेने पत्र्याचं कुंपण घातलं. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी असरची, दुपार कलतानाची नमाज झाली की तिथे शर्यती होत आणि दिवस बुडताना मगरिबची बांग झाली की थांबत. चार गाड्या, चार फेऱ्या, एक-सव्वा मिनिटात खेळ खलास. मग पाण्याचा टँकर फिरून धूळ बसवायचा आणि पुढचे चौघे यायचे.

चालवणारे बहुतेक मुदीरचे दोस्त, आणि काही फिलिपिनो, लेबनानी वगैरे. बघणारे कारखान्यातले कामगार. बाया नसायच्या. मी एकटीच, आणि तीही गाडीत बसून. शुक्रवारी अम्मी आमच्या रत्नागिरीकडच्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे डबे करायची. दोन खोल्यांत मासळीचा, तेलाचा नुसता धूर, आणि मी पायात पायात यायची. म्हणून अब्बा मला सोबत न्यायचे. पिकअप कुंपणाला लागून वळणापाशी उभी करायचे, काच बोटभर खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बाय, उतरायचं नाय." मी उतरायची नाही.

त्या वळणावर मी जे बघायची ते सांगणं कठीण आहे. गाडी वळणात शिरताना तिचं मागचं चाक बाहेर निसटायचं आणि पुढचं चाक उलट, उजवीकडे तोंड करायचं. एखाद्या बैलाला वेसण धरून मागे खेचावं तशी ती गाडी आडवी सरकत यायची. आणि तेवढा वेळ माणसाचा डावा पाय जमिनीवर घासत असायचा. सगळा तोल त्या पायावर. त्या बुटाखाली लोखंडी पत्रा असायचा.

तो पत्रा अब्बा करायचे.

मुदीरने एकदा परदेशातून आणलेला नमुना दाखवला आणि अब्बांनी तसा करून दिला. तेव्हापासून ते काम त्यांच्याकडेच राहिलं. पत्रा ज्याचा त्याच्या बुटावर करावा लागतो. उसना चालत नाही. सैल असला तर पाय आत फिरतो, घट्ट असला तर बधिर होतो. माणूस स्वतःचा डावा बूट गुरुवारी आणून द्यायचा. अब्बा त्यावर पत्रा ठोकून बसवायचे, तळाला वेल्डिंगचा जाड थर चढवायचे म्हणजे झिजणार नाही, आणि पुढचं टोक होडीच्या नाळीसारखं वर वळवायचे. वर बांधायला भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट. सबंध आठवड्यात एवढं एकच काम असं होतं की ज्याबद्दल ते जेवताना बोलत. टाक्यांबद्दल ते कधी बोलले नाहीत.

आता भाईबद्दल.

भाई म्हणजे माझ्या फुपूचा मुलगा, फुपू म्हणजे अब्बांची थोरली बहीण. फुपूचा नवरा बोटीवर कामाला होता, तो एका फेरीहून परत आलाच नाही. तिला हा एवढा एकच. बारावी नापास झाला, गावात उनाडायला लागला, तेव्हा तिनेच अब्बांना फोन करून सांगितलं की याला तिकडे ओढ. अब्बांनी मुदीरकडे शब्द टाकून व्हिसा आणला. त्या वेळचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं, म्हणजे निदान अब्बांच्या बाजूचं. ते म्हणाले होते, "आपा, तू जसा पाठवशील तसाच तुला परत करीन. केसालाही धक्का नाय." लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठी माणसं असं म्हणतातच.

भाई आमच्याकडेच जेवायला असायचा आणि झोपायला कामगारांच्या खोलीवर जायचा. तो मला 'मास्तरीण' म्हणायचा, कारण रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या मी त्याला वाचून दाखवायची. चुकले की म्हणायचा, "फी वाया गेली मामूची." अम्मीच्या तांदळाच्या भाकरीला तो नकाशा म्हणायचा, रोज वेगळा देश. अम्मी रागवायची आणि त्याच्या ताटात आणखी एक देश टाकायची.

त्याचं काम टाक्यांच्या आतलं. बाहेरून वेल्डिंग झालं की आत शिरून सांधे घासायचे. वाकून बसायचं, एक दिवा लावलेला, कानात मशिनचा आवाज भरलेला. संध्याकाळी आला की जेवताना तो थोडा वेळ काही ऐकूच येत नसल्यासारखा बसायचा.

शुक्रवारी तो रिंगणावर गाड्या ढकलायचा. या गाड्यांना किक नसते, ढकलूनच चालू कराव्या लागतात. इंजिनात एरंडेल तेल घालत; ते जळलं की गोडसर, जड वास सुटायचा. भाई पिकअपच्या काचेपाशी येऊन म्हणायचा, "मास्तरीण, वास घे. लहानपणी आई पोट साफ करायला द्यायची तेच. म्हणून एवढ्या पळतात." मी नाक दाबून हसायची.

तो गाडी कधी चालवायला लागला ते मला सांगता येणार नाही. आधी म्हणे शर्यती संपल्यावर, गाडी शेडमध्ये नेताना एखादी फेरी. मग मुदीरने पाहिलं आणि त्याला आवडलं. एका शुक्रवारी चौघांत एक जण आला नाही, तर त्याने भाईला बसवलं. मी काचेतून पाहत होते. हेल्मेटमुळे मला तो ओळखू आला नाही. वळणावरून जाताना त्याने हँडलवरचा हात उचलून मला दोन बोटं दाखवली, तेव्हा कळलं. अब्बा टँकरपाशी कुणाशी बोलत होते. त्यांनी वळून बघितलं आणि बोलणं अर्धं सोडलं.

त्या दिवशी घरी येताना भाई पिकअपच्या मागे उघड्यावर बसला होता. घरी पोचल्यावर अब्बांनी चपला काढल्या, हात धुतले आणि मग शांतपणे विचारलं की पायात कुणाचा पत्रा होता. एका फिलिपिनोचा, आत चिंध्या कोंबून, भाईने सांगितलं. अब्बा म्हणाले की तुझ्या आईला मी काय शब्द दिलाय तो तुला ठाऊक आहे. भाई मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. तो उलट बोलणारा नव्हता. एवढंच म्हणाला, "मामू, सहा दिवस मी टाकीत असतो. तिथं मला श्वास घेता येतो."

अब्बा जेवून उठले. हात पुसता पुसता म्हणाले, "मी तुझा पत्रा करणार नाय. पत्र्याशिवाय कोण बसतो गाडीवर, बघू."

त्यांनी त्या फिलिपिनोलाही बजावलं की पत्रा उसना दिलास तर पुढचा करून मिळणार नाही. झालं. पत्रा करणारा हात एकच, आणि तो हात नाही म्हणाला. अब्बांना खरंच वाटलं की प्रश्न मिटला. मुदीरशी भांडायला नको, भाईला मारायला नको, फुपूला कळवायला नको. अम्मीने एकदा म्हटलं, असं अडवून पोरगा अडेल काय? अब्बा म्हणाले की लोखंडाचं काम आहे, तोंडी नाय. त्यानंतर बरेच शुक्रवार भाई फक्त गाड्या ढकलत होता. अब्बा त्या दिवसांत खुशीत असायचे. परतताना माझ्यासाठी बसबूसा, रव्याची गोड वडी, घ्यायचे आणि पाकीट भाईच्या हातात द्यायचे, म्हणजे तो वाटेत अर्धा खाईल आणि मी भांडेन.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजाहून आल्यावर फुपूला व्हिडिओ कॉल व्हायचा. जेवणाआधीच, कारण तिकडे तिची दुपारची झोप. ती फोन नको तेवढा जवळ धरायची, त्यामुळे आम्हाला तिचं कपाळ आणि छप्पर दिसायचं. भाईला ती दर वेळी एकच विचारायची, हात दाखव. त्याने दोन्ही हात दाखवायचे, पालथे आणि सुलटे. भाजलंय का ते बघायची. मग अब्बांना म्हणायची, "जप हां त्याला." अब्बा म्हणायचे, "जपतोय." पाय दाखव असं तिने कधी म्हटलं नाही. तिला काय माहीत.

रमजानच्या आधीच्या शुक्रवारी मुदीरने थंडीतली शेवटची शर्यत ठेवली होती. पाहुणे येणार होते, खुर्च्या मांडल्या होत्या, कुंपणाला रंगीत फडकी बांधली होती. मला त्या दिवशी उन्हाचा रंग आठवतो, धुळीमुळे तो भाजलेल्या मैद्यासारखा झाला होता. अब्बा माझ्या काचेपाशीच उभे होते, गाडीला टेकून. टँकर नुकताच फिरून गेला होता आणि वळणावरची वाळू काळपट, ओली होती.

चौघे बाहेर आले. लाल, निळं, पांढरं, पिवळं हेल्मेट. पिवळ्याला कुणीतरी दुसराच ढकलत होता. ते मला आधी लक्षात आलं, की आज भाई ढकलत नाही. मग पिवळ्यावाला आमच्यासमोरून संथ गेला, तोल सांभाळायला त्याने डावा पाय खाली टेकला, आणि अब्बा पिकअप सोडून सरळ उभे राहिले.

"पत्रा कुणी केला?" ते म्हणाले. मला विचारलं नव्हतं, पण तिथे मीच होते.

भाईने तो स्वतःच केला होता. जेवणाच्या सुट्टीत, तेलाच्या जुन्या ड्रमचा तुकडा कापून. त्याला वेल्डिंग जेमतेम येत होतं. तो घासण्याच्या कामावरचा माणूस. मला पिकअपमधून एवढं काही दिसलं नव्हतं. अब्बांना काय दिसलं ते त्यांनी पुढे कधीतरी अम्मीला सांगितलं: टोक वर वळवलेलं नव्हतं. सपाट होतं.

अब्बा कुंपणाच्या फाटकाकडे चालू लागले. आधी भराभर. फाटकापलीकडे मुदीर पाहुण्यांसोबत खुर्चीत बसला होता. अर्ध्या वाटेवर अब्बा थांबले. का थांबले ते मी त्यांना कधी विचारलेलं नाही. पाहुण्यांसमोर ओरडणं, मुदीरला थांबवणं, भाच्याला सगळ्यांदेखत गाडीवरून उतरवणं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी आज मांडू शकते, पण ते माझं मांडणं होईल. मला एवढंच माहीत आहे की त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि एक हात थोडा उचललेला होता. तेवढ्यात सुरुवातीची रबरी दोरी वर उडाली आणि गाड्या सुटल्या.

भाई चांगला चालवत होता. मला हे लिहायचंच आहे. पहिल्या फेरीत तो दुसरा होता. दुसऱ्या फेरीत आमच्या वळणावर तो आतून शिरला, अगदी कुंपणाच्या विरुद्ध कडेने, आणि लाल हेल्मेटच्या पुढे निघून गेला. कामगार शिट्ट्या मारत होते. त्या वेळी मला वाटलं की अब्बाही खूश असतील.

तिसऱ्या फेरीत ते टोक ओल्या वाळूत रुतलं. पाय जागच्या जागी राहिला आणि गाडी पुढे गेली. मी जे पाहिलं ते इतकंच. मागून येणाऱ्या लालवाल्याने स्वतःची गाडी आडवी पाडली म्हणून ती भाईच्या अंगावर गेली नाही. ब्रेक तर नव्हतेच.

आणि मग इंजिनं एकेक करून बंद झाली. रिंगणावर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मी गाडीतून उतरले नाही. मला उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं. काचेच्या बोटभर फटीतून मला अब्बांचा आवाज आला, ते गुडघ्यावर बसून त्या सीटबेल्टचं बक्कल सोडवत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हलू नको. मी काढतोय. हलू नको." भाई ओरडत नव्हता.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि घोट्यात चुरा झाला होता. इस्पितळात सांगलीकडची एक नर्स होती, तिने अम्मीला मराठीत सगळं समजावून सांगितलं. पायात सळ्या घालतील, पाय राहील, पण घोटा वळणार नाही. मुदीर दोनदा येऊन गेला. तो वाईट माणूस नव्हता. इस्पितळाचं सगळं त्याने केलं आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा अब्बांना बाहेर नेऊन सांगितलं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपेपर्यंत ठीक आहे, नंतर याला घरी पाठवलेलं बरं. टाकीत शिरून वाकायच्या कामावर तो आता कसा चालणार.

पहिल्या शुक्रवारी कॉल आला तेव्हा अब्बा म्हणाले की भाईला जादा काम लागलंय. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. फुपू म्हणाली, "आईला हात दाखवायला दोन मिनिटं नाय मिळत त्याला?" ती हसून म्हणाली होती. त्या संध्याकाळी अब्बांनी रोजा फक्त पाण्याने सोडला, जेवले नाहीत.

तिसऱ्या वेळी फोन अम्मीने लावला आणि अब्बांच्या हातात दिला. मी दाराशी होते. फुपूचं कपाळ दिसत होतं.

"आपा, तो पडलाय," अब्बा म्हणाले. "पाय मोडलाय."

खूप वेळ छप्परच दिसत राहिलं. मग तिने विचारलं, "कामावर?"

अब्बांना 'हो' म्हणता आलं असतं. अम्मी त्यांच्याकडे बघत होती, आणि मला वाटतं तीही म्हणत होती, म्हणा हो. कामावर पडला म्हटलं की त्यात कुणाचा दोष राहत नाही.

"नाय," ते म्हणाले. "गाडीच्या शर्यतीत."

"तू होतास तिथं?"

"होतो."

तिने विचारलं, "चालेल का तो?"

"चालेल."

"मग पाठव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पत्र्याचं त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायला बसले असते तर आधी तिला शर्यत समजावावी लागली असती, मग वळण, मग पायाखाली लोखंड का लागतं ते, आणि शेवटी आपण ते का करून दिलं नाही ते. फुपूने कधी अशी गाडी पाहिलेलीही नाही. सांगण्याची वेळ निघून गेली आणि मग ती परत आलीच नाही.

भाई इस्पितळात होता त्याच दिवसांत अब्बांनी त्याचा पत्रा केला. डावा बूट आमच्याकडेच होता, कापून काढलेला, त्याच्यावर. टोक वर वळवलेलं, तळाला जाड थर, नवा पट्टा. कारखान्यात त्यांच्या टेबलाच्या वर खिळ्याला तो टांगलेला मी पाहिला. विमानतळावर भाईला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. जाताना तो मला म्हणाला, "मास्तरीण, पाट्या वाचत जा." अब्बांना त्याने वाकून सलाम केला, खुर्चीतून जेवढं वाकता येतं तेवढं.

पुढच्या थंडीत शर्यती पुन्हा सुरू झाल्या. एक नवा फिलिपिनो आला, त्याच्या पायाचं माप भाईच्याच मापाचं निघालं. अब्बांनी खिळ्यावरचा पत्रा काढून त्याला दिला. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, हा कुणाचा? अब्बा म्हणाले, किसी का नहीं. त्या संध्याकाळी मी पिकअपमधून तो पत्रा वळणावर घासत जाताना पाहिला. नीट जात होता. चारही फेऱ्या. त्यानंतर मी मोठी झाले असं अम्मीचं मत पडलं आणि माझं जाणं बंद झालं. एक-दोन वर्षांनी ती जमीनही विकली गेली.

बारावीनंतर मी रत्नागिरीला कॉलेजात आले आणि फुपूकडे राहू लागले. घरापुढेच भाईचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचं लग्न अजून जमलेलं नाही. फुपू त्याचं कारण कधी पायाला देत नाही. म्हणते, पोराच्या पसंतीला कुणी येत नाय. एकदा पावसाळ्यात लाइट गेली होती तेव्हा मी धीर करून भाईशी तो विषय काढला. तो स्पॅनर पुसत होता. म्हणाला, "टोक वळवायला वेळ नव्हता. सुट्टी संपत आलेली. चूक माझी." मग म्हणाला, "मामूला सांग हवं तर." मी सांगितलं, फोनवर. अब्बा "हं" म्हणाले आणि अभ्यास कसा चाललाय विचारलं.

पण दर शुक्रवारी फोनच्या शेवटी, अम्मी उठून गेली की, ते मला विचारतात, "तो कसा चालतो?" मी म्हणते, बरा चालतो. कारण त्यांनी ते पाहिलेलं नाही. अब्बा रजेवर गावी येतात तेव्हा भाई दुकानात स्टुलावर बसलेला असतो. हसतो, बोलतो, चहा मागवतो, मामूला अल सुलैमधल्या सगळ्यांची खबर विचारतो. अब्बा जाईपर्यंत तो उठत नाही. किती वेळ बसावं लागलं तरी नाही. अब्बांनाही ते कळतं, म्हणून ते फार वेळ थांबत नाहीत.

या सुट्टीत मी रियाधला आले. अब्बांसोबत कामासाठी अल सुलैला गेले होते. रिंगणाच्या जागी एसीचं गोदाम झालंय. आमची पिकअप उभी राहायची तिथे ट्रक माल उतरवत होते. अब्बांनी गाडी हळू केली, थांबवली नाही.

संध्याकाळी जेवणं झाली, अम्मी शेजारी डबे द्यायला गेली. एसीचा आवाज चालू होता. अब्बा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, बरा चालतो.

"दाखव," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी म्हटलं, "अब्बा, कशाला."

"दाखव, बाय. तू रोज बघतेस."

मी उठले. खोली लहान आहे, दारापासून खिडकीपर्यंत. मी भाईसारखी चालले. डावा पाय आधी कमरेतून उचलायचा, मग पुढे ठेवायचा, सबंध तळवा एकदम, कारण घोटा वळत नाही. मग अंग त्यावर टाकायचं आणि उजवा पाय लवकर पुढे आणायचा. खांदा थोडा पडतो. मला ते इतकं येत होतं याचं मलाच वाईट वाटलं. अब्बा माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. ते पायाकडे बघत होते, कपाळाला आठी घालून, कामाकडे बघतात तसे.

मी खिडकीपाशी थांबले.

"आणि डावीकडे वळताना?" त्यांनी विचारलं.

डावीकडे वळताना भाई त्या पायावर फिरत नाही. तो पाय जागेवर ठेवतो, आणि उजव्याने छोटी छोटी पावलं टाकत त्याच्याभोवती वळतो. मी तसं वळले. अब्बांनी शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा," आणि मी पुन्हा दारापर्यंत चालत गेले.